ऐकणारा माणूस : संगीतकारांच्या आत्मचरित्रांविषयी

संगीतकाराचे आत्मचरित्र हा वाङ्मयातला एक अवघड प्रकार आहे. कवी स्वतःविषयी लिहायला बसतो तेव्हा त्याचे हत्यार बदलत नाही. चित्रकाराच्या पुस्तकात निदान चार चित्रे छापता येतात. गवयाची मात्र सगळी कमाई आवाजात साठवलेली असते आणि छापील पानाला आवाज नसतो. एखाद्या रात्री मारवा कसा जमला याचे वर्णन दहा पाने केले, तरी वाचकाच्या कानात एकही सूर उमटत नाही. उलट असे वर्णन जितके लांबते तितका वाचक लेखकापासून दूर जातो. आपल्याला वगळून चाललेल्या एखाद्या समारंभाची हकीकत ऐकावी तसे त्याला वाटू लागते. तरीही मराठीत संगीतकारांची आत्मचरित्रे आवडीने वाचली गेली आहेत, आणि ज्यांना शास्त्रीय संगीताचा गंध नाही अशांनीही ती वाचली आहेत. हे कसे घडते, याचा विचार या प्रस्तावनेत करायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : संगीतकार आपल्या गाण्याविषयी सांगतो तेव्हा आपल्याला त्याची कीर्ती समजते, आणि तो आपल्या ऐकण्याविषयी सांगतो तेव्हा माणूस समजतो. कोणाचे गाणे ऐकून तो थांबला, कोणापुढे त्याला आपले अपुरेपण कळले, काय समजले नाही आणि ते समजावे म्हणून त्याने किती वर्षे घालवली, या जागी त्याचा स्वभाव उघडा पडतो. वाचकाची आपुलकीही तिथेच मिळते, कारण ऐकण्याच्या जागेवर वाचक आणि कलावंत बरोबरीने बसलेले असतात.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजायला दूर जायची गरज नाही. ज्या माणसामुळे सेवाग्रामचे नाव जगभर गेले, त्याच्या आत्मचरित्रातच याचा एक छोटा पण उत्तम दाखला आहे. गांधीजी 1934 साली वर्ध्याला आले आणि 1936 साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. ‘सत्याचे प्रयोग’ त्याच्या आधीच, 1925 ते 1929 या काळात ‘नवजीवन’मधून प्रकरणशः प्रसिद्ध झाले होते. त्यात लंडनमधल्या विद्यार्थिदशेचे एक प्रकरण आहे. साहेबी रीतिरिवाज शिकण्याच्या हौसेने एकोणीस वर्षांच्या मोहनदासने नाचाच्या वर्गात नाव घातले आणि तीन पौंड फी भरली. पियानोचा ठेका त्याला कळेना, पावले तालात पडेनात. मग पाश्चात्त्य संगीताला कान सरावावा म्हणून त्याने आणखी तीन पौंडांना व्हायोलिन विकत घेतले आणि ते शिकवणारी बाई गाठली. दोन-तीन महिन्यांत हे खूळ उतरले. तेव्हा तो तिच्याकडे स्वतः गेला, आपण चुकीच्या मार्गाला लागलो होतो हे तिला सांगितले आणि येईल त्या किमतीला व्हायोलिन विकून टाकण्याची विनंती केली. गांधीजी संगीतकार नव्हते. पण या दोन-तीन पानांत जो माणूस दिसतो तो त्यांच्या कितीतरी राजकीय लेखांत दिसत नाही. आपला कान तयार नाही हे त्याला कळते, त्यावर तो उपाय करू पाहतो, खर्चाचा आकडा लपवत नाही आणि माघार घेताना व्हायोलिनच्या शिक्षिकेशी समोर जाऊन बोलतो. पुढच्या आयुष्यातले गांधीजी या लहानशा प्रसंगात जवळजवळ पूर्ण आहेत. आणि वाचक त्यांच्या बाजूने होतो, कारण ठेका न सापडण्याची लाज जवळपास प्रत्येकाने कधीतरी अनुभवलेली असते.

आता ज्यांचे आयुष्यच संगीत होते त्यांच्याकडे वळू. मराठीत या प्रकाराचा पाया घातला तो गोविंदराव टेंबे यांनी. कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी 1881 साली जन्मलेले टेंबे पेटीवादक, नट, संगीतरचनाकार आणि लेखक होते. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक 1939 साली आले, ‘माझा जीवनविहार’ 1948 साली. दोन पुस्तकांची नावेच लेखकाची विभागणी सांगतात : एका पुस्तकात त्याने काय ऐकले आणि अभ्यासले, दुसऱ्यात तो कसा जगला. आत्मचरित्र म्हणून लौकिक अर्थाने दुसरे पुस्तक अधिक भरदार आहे. तरीही माझ्या मते टेंबे अधिक खरे भेटतात ते पहिल्या पुस्तकात. पेटी शिकवायला त्यांना रीतसर गुरू मिळाला नव्हता. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले, त्यांच्या मैफलींत पेटीची साथ केली, आणि त्या साथीतून गायकी आत्मसात केली. साथीदाराचे काम मुळात ऐकण्याचे असते. गायकाच्या तोंडून पुढचा स्वर निघण्याच्या आधी त्याला तो ओळखावा लागतो, आणि निघाल्यावर त्याच्या मागे राहावे लागते. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या माणसाने जेव्हा भास्करबुवा, अल्लादियाखाँ अशा गवयांविषयी लिहिले, तेव्हा त्याच्या कौतुकात भाबडेपणा उरला नाही. कोणाचे काय थोर आहे हे तो नेमके दाखवतो. दुसऱ्याचे मोठेपण असे नेमके दाखवता येणे हा स्वभावाचा गुण आहे. हेवा मनात असलेला माणूस ढोबळ स्तुती सहज करतो, पण नेमकी स्तुती त्याच्या हातून होत नाही.

टेंब्यांच्या आयुष्यात दुखावले जाण्याचे प्रसंग पुष्कळ होते. 1911 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या, आणि पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याची लय मराठी नाट्यपदात आली. या चाली म्हणजेही त्यांच्या ऐकण्याचे फळ. उत्तरेकडच्या गायिकांच्या आणि गवयांच्या बैठकांत जे कानावर पडले ते त्यांनी आपल्या रंगभूमीच्या मापाचे करून घेतले. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली आणि दोनच वर्षांत तिच्यातून बाहेर पडून शिवराज नाटक मंडळी काढली. 1932 सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. आणि ज्या वाद्यावर त्यांनी आयुष्य घालवले त्या पेटीला 1940 साली, म्हणजे ‘माझा संगीत व्यासंग’ प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराच्या आत, आकाशवाणीने बंदी घातली. ती तीन दशके टिकली आणि ती सैल झालेली पाहायला टेंबे उरले नव्हते, 1955 साली ते वारले. या सगळ्या चढउतारांत दया यावी असा मजकूर भरपूर आहे. तरीही टेंब्यांविषयी आपुलकी वाटते ती कंपनी सुटल्यामुळे किंवा वाद्याला बंदी झाल्यामुळे नव्हे. एवढे गाजलेला माणूस अखेरपर्यंत चांगला श्रोता राहिला, दुसऱ्याच्या गाण्याने त्याचे डोळे लकाकतच राहिले, याची ती आपुलकी आहे. 1954 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र प्रसिद्ध केले हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या अल्लादियाखाँसाहेबांनी स्वतःही आपली हकीकत सांगून ठेवली. उतारवयात त्यांनी आपला नातू अझीझुद्दीनखाँ यांना आठवणी सांगितल्या, आणि त्या नातवाने उर्दूत उतरवून घेतल्या. खाँसाहेब 1946 साली वारले. त्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या त्याला त्यानंतर अर्धे शतक लोटले होते. टेंब्यांनी लिहिलेले चरित्र आणि खाँसाहेबांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी शेजारी ठेवून वाचल्या की भक्ताने रंगवलेला महापुरुष आणि स्वतःला आठवणारा वृद्ध यांतला फरक ध्यानात येतो. खाँसाहेबांच्या आठवणींत पुष्कळ जागा दुसऱ्यांना दिलेली आहे : घराण्यातले वडीलधारे, जयपूरच्या दरबारातले गायक-बीनकार, लहानपणी कानावर पडलेल्या बैठका. आणि मध्येच एक प्रसंग येतो. आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात अतोनात गायल्यामुळे त्यांचा आवाज बसला. ज्याची सारी मिळकत गळ्यात आहे त्याचा गळाच गेला. पुढे जो आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या आवाजाला पेलेल अशी वळणदार, लयीशी गुंतलेली गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आज जी ओळखली जाते, तीच. यातली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की पुढचे सारे त्यांना साधले ते लहानपणापासून साठवलेल्या श्रवणाच्या बळावर. गळा गेला तरी कान शाबूत होता. वाचक हे वाचताना खाँसाहेबांची कीव करत नाही. तो त्यांच्या बरोबर त्या काळ्या महिन्यांत थांबतो आणि आता पुढे कोणती वाट निघते हे पाहू लागतो. असे थांबायला लावणे ही कोणत्याही आत्मकथनाची सर्वांत मोठी ताकद आहे.

विदर्भाच्या वाचकाला या परंपरेतला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे केशवराव भोळे. 1896 साली शेजारच्या अमरावतीत त्यांचा जन्म झाला. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी गवयांच्या गायकीवर लिहिले, 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाट्यमन्वंतरच्या नाटकाला संगीत दिले आणि नंतर प्रभातमध्ये ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ अशा चित्रपटांचे संगीत केले. टोपणनावाची निवडच बोलकी आहे : दुरून ऐकून, कोणाच्या समोर न बसता शिकणारा शिष्य. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाचा हिशेब मांडला आहे आणि ‘जे आठवते ते’मध्ये आयुष्याचा. पहिले पुस्तक वरवर पाहता अगदी कोरडे वाटेल. चाल का बदलली, वाद्य का कमी केले, नटाचा गळा कसा होता आणि प्रसंग काय मागत होता, असल्या गोष्टींची चर्चा करणारा हा लेखक. पण त्या चर्चेतूनच एक काटेकोर, हट्टी आणि प्रसंगापुढे स्वतःला मागे ठेवणारा कलावंत उभा राहतो. 1936 सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये शांताराम आठवल्यांनी लिहिलेले आणि भोळ्यांनी बांधलेले एक पद विष्णुपंत पागनिसांच्या तोंडी आहे, ते तुकोबांचेच आहे असे आजही कित्येकांना खरोखर वाटते. संगीतकाराने आपली सही पुसून टाकण्यात यश मिळवावे, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही. वारकरी कसे गातो हे ज्याने निगुतीने ऐकले आहे त्यालाच हे जमते. भोळ्यांच्या लेखनात अश्रू फारसे नाहीत, आणि तरी ते वाचून झाल्यावर हा माणूस आपल्या ओळखीचा झाला असे वाटते. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वाचकाला खरे धरून ठेवते ते दुःख, आणि ऐकण्याबिकण्याची गोष्ट मी उगाच मोठी करतो आहे. आक्षेपात तथ्य आहे. सुधीर फडक्यांचे ‘जगाच्या पाठीवर’ अपुरे राहिले. ते 2002 साली गेले आणि पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यातली उपासमारीची, वणवण भटकण्याची वर्षे वाचून मन हलते हे कोणी नाकारणार नाही. लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन तुतारीवादकाने 1954 साली आपल्या न्यू ऑर्लिन्समधल्या बालपणाचे पुस्तक लिहिले आणि ते 1922 साली, तो शिकागोला किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदात दाखल होतो तिथेच संपवले. जगभराची कीर्ती त्यानंतर आली, पण पुस्तक दारिद्र्याजवळ थांबते. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण तर याहून तीव्र आहे. 1948 साली पिंपरी मेघे येथे जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांनी घरातून बाहेर काढले गेल्यावर रेल्वेगाड्यांत आणि स्थानकांवर गाणी-भजने म्हणून पोट भरले. ‘मी वनवासी’ या त्यांच्या आत्मकथनात गाणे येते ते कला म्हणून येत नाही. ते येते भाकरी म्हणून. त्या संगीतकार नव्हत्या, आणि त्यांना तसे म्हणणे त्यांच्या कामाचा मान कमी करणे ठरेल. पण त्यांच्या आयुष्यावरून एक भेद स्पष्ट होतो. दुःखाची हकीकत वाचकाला हलवते आणि मदतीला उभे करते; सिंधुताईंना नेमके तेच हवे होते, कारण त्यांच्यामागे सांभाळायला शेकडो अनाथ मुले होती. संगीतकाराच्या आत्मचरित्राला वाचकाकडून मदत नको असते. त्याला हवी असते समज. फडक्यांच्या पुस्तकात भूक आणि गाणे एकत्र येते, अर्धपोटी मुलगा कोणाच्या तरी दारी उभा राहून स्वर टिपत राहतो, तेव्हा ती समज मिळते. नुसती भूक तर हजारोंनी भोगली आहे, आणि ती प्रत्येकाची सारखीच असते. त्या भुकेतही ज्याचा कान जागा राहिला तो एकटा फडके आहे.

दुसरा आक्षेप सत्याविषयीचा. आत्मचरित्रात माणूस स्वतःला हवा तसा रंगवतो, सोयीचे आठवतो आणि गैरसोयीचे गाळतो. मग त्यातून व्यक्तिमत्त्व दिसते असे कसे म्हणावे? त्यात पुन्हा संगीतकार पुष्कळदा स्वतः लिहीतच नाहीत, सांगतात आणि दुसरा लिहितो. बिली हॉलिडे या जाझ गायिकेचे 1956 सालचे आत्मचरित्र विल्यम डफ्टी या पत्रकाराने शब्दांत आणले, आणि त्यातले अनेक तपशील नंतरच्या चरित्रकारांनी चुकीचे ठरवले. अल्लादियाखाँसाहेबांच्या आठवणीही सांगितलेल्याच आहेत. या आक्षेपाला माझे उत्तर असे की तारखा आणि घटना यांची साक्ष काढायची असेल तर आत्मचरित्र एकटे कधीच पुरेसे नाही. त्याला वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार, समकालीनांचे लेखन यांची जोड हवी. स्वभावाची साक्ष मात्र वेगळ्या रीतीने मिळते. माणूस आपल्या पराक्रमाविषयी खोटे बोलू शकतो, पण आपल्याला काय सुंदर वाटले याविषयी सलग तीनशे पाने खोटे बोलणे जवळजवळ अशक्य आहे. रसिकतेची नक्कल करणारा चार पानांत उघडा पडतो, कारण त्याच्यापाशी तपशील नसतो; त्याची सगळी विशेषणे कोणत्याही गवयाला लावता येतील अशी असतात. सांगून लिहवलेल्या पुस्तकातही हा तपशील टिकतो. उलट सांगणाऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उतरले असेल तर त्याचा श्वास, त्याचे थांबणे, एकाच गवयाकडे पुन्हा पुन्हा परत येणे हे सारे कागदावर येते. म्हणून संगीतकाराचे आत्मचरित्र वाचताना त्याने आपल्या विजयांविषयी काय सांगितले याकडे थोडे दुर्लक्ष करावे, आणि दुसऱ्यांच्या गाण्याविषयीची पाने हळू वाचावीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कलावंताचे आयुष्य कळले की आपण त्याच्या कलेचा न्याय नीट करू शकत नाही. त्याच्या कष्टांनी आपण विरघळतो, सुमार गाण्यालाही हात जोडतो आणि त्याच्या हातून इतरांवर झालेले अन्याय पोटात घालतो. गुरूने शिष्याला वर्षानुवर्षे राबवून घेतले, विद्या चोरून ठेवली, घरातल्या बाईच्या कष्टांवर कलावंत उभा राहिला, अशा गोष्टी आपल्या संगीताच्या इतिहासात थोड्या नाहीत, आणि आत्मचरित्रांच्या गोड निवेदनात त्या विरून जातात. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय आत्मचरित्र न वाचणे हा नव्हे. मल्लिकार्जुन मन्सूर यांची मूळ कन्नडमधली आत्मकथा घ्या. मिरजेला नीलकंठबुवांकडे शिक्षण, मग मंजीखाँ, आणि 1937 साली मंजीखाँ अकाली गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू भुर्जीखाँ, असा हा शिष्यत्वाचा प्रवास. त्यात गुरूंविषयीची भक्ती उत्कट आहे. पण शिक्षण कसे चालले, काय मिळाले आणि किती उशिरा मिळाले, हे कळल्यावर वाचक गुरुशिष्य परंपरेची किंमतही मोजू शकतो. चांगले आत्मचरित्र वाचकाच्या हाती लेखकाविरुद्धचा पुरावाही देते, पुष्कळदा लेखकाच्या नकळत. आपुलकी म्हणजे माफी नव्हे. ज्याला आपण आतून समजून घेतले त्याच्या चुकीचे वजनही आपल्याला अधिक अचूक कळते, आणि परक्याला दोष देताना येणारा सैलपणा त्यात राहत नाही.

स्वतःविषयी लिहिणे ही आपली रीतच नाही, असेही कोणी म्हणेल. ‘सत्याचे प्रयोग’च्या प्रास्ताविकात गांधीजींनी एका स्नेह्याची हीच हरकत नोंदवली आहे : आत्मचरित्र लिहिण्याची चाल पश्चिमेकडची, पूर्वेकडे ती कोणी पाळलेली नाही. गांधीजींनी उत्तर दिले ते असे की आपल्याला प्रयोगांची हकीकत सांगायची आहे. संगीतकारांना हे उत्तर हुबेहूब लागू पडते. ज्यांनी ‘मी’ला बाजूला ठेवून आपल्या व्यासंगाची हकीकत सांगितली त्यांनी या परंपरेशी प्रतारणा केलेली नाही. या मुद्द्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, कोणाला आत्मचरित्र लिहिता आले हा आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गेल्या शतकातल्या दोन श्रेष्ठ गायिका. दोघींनीही आपले आयुष्य स्वतःच्या हाताने लिहून ठेवले नाही. टेंब्यांनी आपले भटकणे मोकळेपणाने सांगितले आणि वाचकाने ते कौतुकाने वाचले. कलावंत घराण्यातल्या बाईने तेवढ्याच मोकळेपणाने लिहिले असते तर त्याच वाचकाने तिच्या गाण्याऐवजी तिच्या घराण्याची चौकशी केली असती. वाचकाची आपुलकी सर्वांना सारख्या भावात मिळत नाही, आणि न लिहिणे हाही पुष्कळदा स्वतःचा मान राखण्याचा मार्ग असतो. म्हणूनच गायिकेने स्वतःविषयी लिहिलेले ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’सारखे पुस्तक मोलाचे आहे. वामनदादा कर्डकांची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा गायक-कवी. मुंबईच्या कामगार वस्तीत कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला अक्षरच येत नाही याची लाज वाटली, म्हणून तो मोठेपणी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकला, आणि पुढे आंबेडकरी जलशांतून गावोगाव हजारो माणसांपुढे गायला. ज्याच्यासाठी अक्षर हीच उशिरा मिळालेली वस्तू होती, त्याने आपले आयुष्य पुस्तकात आणणे याचा अर्थ मोठा आहे. अशी पुस्तके मराठीत बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

हाच अभाव वर्धा जिल्ह्यात अधिक जाणवतो. या जिल्ह्याला संगीत नवे नाही. नारायण मोरेश्वर खरे यांनी जुळवलेल्या आश्रम भजनावलीचे सूर सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर रोज उमटले. 1936 साली तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून इथे येऊन राहिले आणि त्यांच्या खंजिरीने आश्रमातली माणसे भारावली. 16 ऑगस्ट 1942 रोजी आष्टीला जो उठाव झाला त्यात उतरलेल्या लोकांच्या ओठांवर त्यांची भजने होती; ब्रिटिश सरकारने महिन्याच्या आत महाराजांना अटक केली, ती त्या भजनांची ताकद ओळखूनच. आजही आर्वी, कारंजा, आष्टीपासून हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत गावागावांत खंजिरी भजनाची मंडळे आहेत. या मंडळांत पन्नास-पन्नास वर्षे खंजिरी वाजवलेली, कोणाचे तरी भजन ऐकून शेताच्या कामातून वेळ काढून शिकलेली माणसे आहेत. साहित्य संमेलन वर्ध्याला 1969 मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि 2023 मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा झाले. लिहिणाऱ्यांची कदर करणारी ही भूमी आहे. पण त्या खंजिरीवाल्यांनी कोणाकडून काय ऐकले, कसे शिकले, कोणते भजन कोणत्या चालीत कोणत्या गावाहून आले, हे त्यांच्याच तोंडून उतरवून घेतलेले पुस्तक मला मिळालेले नाही. मोठ्या कीर्तीच्या अभावी ही माणसे आत्मचरित्राला अपात्र ठरतात असे कोणाला वाटत असेल, तर वरचा सगळा युक्तिवाद त्याच्या विरोधात आहे. वाचकाला बांधून ठेवणारी गोष्ट कीर्ती नसून जागा कान आहे, आणि तो या मंडळांत आहे.

म्हणून वाचकांना एकच सांगणे. टेंबे, भोळे, मन्सूर, फडके यांची पुस्तके वाचा, आणि ती वाचून झाली की आपल्या गावातल्या सर्वांत वयस्क भजनकऱ्याकडे वही घेऊन जा. तुम्ही किती कार्यक्रम केले, किती ढाली मिळवल्या, हे त्यांना आधी विचारू नका. तुम्ही पहिल्यांदा कोणाला ऐकले, हे विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत, न सुधारता उतरवून घ्या. जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांनी, शाळांच्या मराठी शिक्षकांनी आणि महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हे काम हाती घेतले तर दोन-तीन वर्षांत ते पुष्कळ पुढे जाईल. ते लवकर सुरू व्हायला हवे, कारण ज्यांनी तुकडोजी महाराजांना समोर बसून ऐकले त्यांतले सर्वांत लहानही आज सत्तरीच्या घरात आहेत.